सुनंदाच्या नावाची मिस्सा

फुलपाडा, विरार (पूर्व)
रविवार दुपार

तीर्थस्वरूप शांतारामदादांच्या पायाशी जयरामचा नमस्कार.

सगळ्यात आधी हे सांगतो की तुमची बहीण सुनंदा बेंगळुरूला आर्याकडे धडधाकट आहे. काल संध्याकाळीच तिने फोनवरून मला फ्रिजमधलं दही कधीचं आहे ते विचारलं आणि मी सांगितलेलं तिला पटलं नाही. हे पत्राच्या तोंडालाच लिहून ठेवतो, कारण पुढे मजकूर असा येणार आहे की वाचताना तुमच्या छातीत धस्स व्हावं, आणि तुमचं मागच्या वर्षीचं दुखणं मी विसरलेलो नाही. गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला कमी झाला का? फणस यंदा धरले का, की माकडांनीच वाटून घेतले?

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दादा, तुम्ही फोन ओटीवर ठेवता आणि स्पीकर लावता. मी इथून "हॅलो" म्हटलं की तुमच्या आधी समोरच्या घरातून "कोण, जयराम का?" असं ऐकू येतं. (माझे कान किती तिखट आहेत ते तुम्ही जाणता. मागच्या वेळी तर तुमच्या गोठ्यातली गाय माझं बोलणं ऐकून रवंथ करायची थांबली, हेही मला इकडे कळलं.) शिवाय वहिनींनी ऐकलेली गोष्ट बेंगळुरूला पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र. वाचताना मनात वाचा.

तर सुनंदा आर्याच्या बाळंतपणाला गेली ती सव्वा महिन्याच्या बोलीवर. तो सव्वा महिना आता चालायला लागला आहे, त्याला वर चार आणि खाली दोन दात आले आहेत आणि तो मला फोनवर बघून रडतो. दरवेळी नवं निमित्त निघतं. आधी अंघोळ घालणारी बाई मिळत नव्हती, मग जावयांची बदली होणार होती, मग झाली नाही म्हणून थांबायचं ठरलं. मी दरवेळी "बरं" म्हणालो. नातवाच्या वाटेत आजोबाने कशाला यायचं? इथे मी मजेत आहे असंच सगळ्यांना वाटतं. इमारतीतले लोक जिन्यात भेटले की डोळा मारून म्हणतात, "काय जयरामशेठ, सध्या रान मोकळं." रान मोकळं आहे खरं. इतकं मोकळं की परवा कुकरची शिटी झाली आणि मी "आलो" म्हणालो.

मांडवाचा धंदा आता कामावरच्या पोरांच्या हाती दिला आहे. तुमच्या वडिलांनी मला मुलगी दिली तेव्हा माझ्याकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा पंचवीस लोखंडी खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या काही उघडल्या की मिटत नव्हत्या. आज गोदामात किती खुर्च्या आहेत ते मलाही सांगता येणार नाही. पण आता सगळीकडे ते भिंतीएवढे टीव्ही लावतात, लाऊडस्पीकर म्हणजे काळी उभी पेटी, त्यात मला काही कळत नाही. जुने भोंगे, ॲम्प्लिफायर माळ्यावर धूळ खात होते. तेवढ्यात कानावर आलं की भुईगावच्या रस्त्याला तो जुना बर्फाचा कारखाना आहे ना (मच्छीमार बोटींना बर्फ पुरवायचा तो), तिथे कुठल्याशा ट्रस्टने जुन्या सिनेमांचं संग्रहालय काढलंय. भिंती जाड, आत गार, रिळं टिकतात म्हणे. मी विचार केला, जी माणसं जुनी रिळं जपतात ती जुने भोंगेही घेतील. चार भोंगे स्कूटरला बांधले आणि गेलो.

भोंगे त्यांनी घेतले नाहीत. तिथे उन्नती म्हणून एक मुलगी आहे, सगळा कारभार तीच बघते, मोठी गोड. तिने भोंग्यांचे चारही बाजूंनी फोटो काढले, "वाव" म्हणाली आणि परत दिले. पण म्हणाली, "काका, शनिवारी चार वाजता आमच्या थिएटरमध्ये जुना सिनेमा असतो. या ना." थिएटर म्हणजे जिथे बर्फाच्या लाद्या ठेवायचे तो हॉल. खुर्च्या बऱ्या आहेत. (पाठीला जरा उताणा घाट आहे, त्यामुळे माणूस पाचव्या मिनिटाला झोपतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं.)

पहिल्याच शनिवारी माझी शोभा झाली. सिनेमा सुरू झाला, पडद्यावर राजा दात-ओठ खाऊन भांडतोय, राणी छाती पिटतेय आणि आवाज नाही. उभं आयुष्य लाऊडस्पीकर लावण्यात गेलेल्या माणसाला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही, ते तुम्हाला नाही कळायचं. मी जागेवरून ओरडलो, "अरे, वायर बघा." कुणी हलेना. मग मीच उठलो, अंधारात चाचपडत भिंतीकडे गेलो आणि जी पिन सैल वाटली ती घट्ट दाबली. ती एसीची होती. एसी बंद झाला. दिवे लागले आणि उन्नतीने सगळ्यांसमोर मला अगदी हळू आवाजात सांगितलं की काका, हा मूकपट आहे, त्या काळी सिनेमात आवाजच नसायचा. मी म्हटलं, मग भांडतायत कशाला?

लाज झाकायला मी शेवटून दुसऱ्या रांगेत कडेला जाऊन बसलो. दादा, आता मुद्द्याला येतो. आपल्याकडे देवळात एकटा गेलेला माणूस भाविक दिसतो, बाजारात एकटा गेलेला माणूस संसारी दिसतो, पण सिनेमाला एकटा गेलेला माणूस घरातून हाकलल्यासारखा दिसतो. माझ्या बाजूच्या खुर्चीशी एक बाई येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे कुणी आहे का?" माझा हात आपोआप खिशात गेला, रुमाल निघाला आणि त्या खुर्चीवर पडला. मी म्हटलं, "मिसेस येतायत." एस्टीत रुमाल टाकून जागा धरायची सवय आपल्या हाडात आहे, त्यात माझं काय चुकलं? बाई मुकाट्याने पलीकडच्या खुर्चीवर बसल्या. मिसेस अर्थातच आल्या नाहीत. पुढच्या शनिवारी मी पुन्हा रुमाल टाकला, कारण त्याच बाई पुन्हा होत्या आणि माझी बायको एकदाही आली नाही तर बरं दिसणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. तिसऱ्या शनिवारी हॉल गार पडतो म्हणून सुनंदाची मरून शाल घेऊन गेलो. अंगावर घ्यायला लाज वाटली. तीच खुर्चीच्या पाठीवर टाकली.

या बाई म्हणजे भुईगावच्या मटिल्डाबाई. शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त. सोबत त्यांचे यजमान हिलरी. त्यांची केळीची बाग आहे आणि त्यांना सिनेमात झोपण्याची विद्या अवगत आहे. माझ्याशी दोघं पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात. आपसात बोलतात ते त्यांच्या घरच्या बोलीत. शब्द मला अर्धेच कळतात, पण सूर पूर्ण कळतो. महिन्याभरात त्यांच्या बोलण्याचा सूर माझ्याबद्दल मऊ झाला. एखाद्याचं गाठोडं गाडीत विसरलं असावं, तसा.

कारण मी खुर्चीशी बोलत होतो.

हसू नका. तुम्हाला आठवत असेल, लग्नानंतर बरीच वर्षं गणपतीत आम्ही फुलपाड्याच्या गल्लीत पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवायचो. मशीन भाड्याचं, कपडा माझा. पुढची बाजू लोकांनी खच्चून भरायची, तिथे मालकाच्या बायकोलाही जागा नसे. मग मी आणि सुनंदा कपड्याच्या मागे उलट्या बादल्या टाकून बसायचो. मागून चित्र दिसतं, पण उलटं. डावं ते उजवं. आम्ही दोघांनी जेवढे म्हणून सिनेमे पाहिले ते सगळे मागून पाहिले. सुनंदाची आजही पक्की समजूत आहे की त्या काळचे सगळे नट डावखुरे होते. एकदा तर ती म्हणाली होती की एवढा मोठा नट आणि आईच्या हाताचं डाव्या हाताने जेवतो, वळण नाही.

आता या संग्रहालयात त्यातलाच एक सिनेमा लागला. मी पहिल्यांदा पुढून पाहिला. दादा, सगळं घर फिरलेलं. विहीर तिकडे गेली, तुळस इकडे आली, खलनायकाचा तीळ दुसऱ्या गालावर. आणि नायक उजव्या हाताने जेवायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हा तर सरळ हाताने जेवतो." असं शालीकडे बघून म्हणालो. मग राहवेना. विहीर, तुळस, तीळ, सगळंच तिला सांगत बसलो. सुनंदा असती तर म्हणाली असती, "मग तेव्हा का सांगितलं नाही?" तेसुद्धा मीच म्हटलं, तिच्या वाटचं. सिनेमा संपला, दिवे लागले, तर मटिल्डाबाईंचे डोळे भरलेले. मला वाटलं सिनेमामुळे.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जयरामभाऊ, माणूस कुठे जात नाही हो. आपल्याजवळच असतं." हिलरींनी खांद्यावर हात ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सुनंदाला या दोघांनी मनोमन देवाघरी पोचवलेलं आहे.

त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो की काम झालं असतं. "अहो, ती बेंगळुरूला आहे." एवढंच. पण हात कुणीतरी धरला होता. कित्येक महिन्यांत मला कुणाचा हात लागला असेल तर तो दाढी करणाऱ्याचा आणि सुट्टे परत करणाऱ्याचा. फार तर मान हलवली असेन. आता मान कुठल्या बाजूला हलली ते अंधारात कोण सांगणार? (दिवे लागले होते हे वर लिहून गेलोय. असो.)

पुढच्या शनिवारपासून डबा सुरू झाला. बोंबलाचं कालवण, कधी बागेतली केळी सुकवून केलेली सुकेळी, एकदा तर अख्खी कोंबडी. हिलरी चित्र सुरू होण्याआधी माझी चौकशी करून मग झोपू लागले. आमच्या रांगेत मला धरून चार-पाच जण बसायचे, तेही आता मला वाट करून देऊ लागले. त्या शालीच्या खुर्चीवर कुणी पिशवीसुद्धा ठेवत नाही. मी पाहिलंय दादा, बायको वारली तर माणसाला लोक जेवू घालतात, आणि बायको मुलीकडे गेली तर डोळा मारतात. रिकामं घर दोन्हीकडे तेच. भांडं आपटलं तर वाजतं तेही तेवढंच. पण पहिल्याला नाव आहे, दुसऱ्याला नाही.

मग ती मिस्सा झाली. मटिल्डाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी आमच्या देवळात या, तुमच्यासाठी एक प्रार्थना ठेवली आहे." (चर्चला ती माणसं देऊळच म्हणतात आणि तिथल्या प्रार्थनेला मिस्सा.) माझ्यासाठी म्हटल्यावर मला वाटलं तब्येतीसाठी असेल, साखर जरा वाढलीच आहे. चांगला सदरा घालून गेलो. पुढून तिसऱ्या बाकावर दोघांच्या मध्ये मला बसवलं. सगळं मराठीत, गाणी सुरेख, माईक मात्र घूं घूं करत होता. मी त्या घूं घूंकडे लक्ष देऊन बसलो असताना फादरांनी कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं की आजची मिस्सा फुलपाडा येथील सुनंदा जयराम यांच्या आत्म्याच्या चिरशांतीसाठी आहे.

आणि माझ्या खिशात फोन थरथरला.

तिची वेळच ती. बाळ झोपतं आणि ती फोन करते. मी वरून दाबला, बंद झाला. परत आला. सुनंदाला पहिल्यांदा उचलला नाही तर काळजी वाटते आणि दुसऱ्यांदा नाही उचलला तर राग येतो, त्यामुळे तिसऱ्यांदा तो फोन जास्तच जोरात थरथरला असं मला वाटलं. घाईत बाहेर काढला तर पडद्यावर तिचा फोटो, आर्याच्या लग्नातला, नथ घालून हसणारा, आणि खाली नाव. मटिल्डाबाईंनी पाहिलं. फादर म्हणतायत चिरशांती, आणि ही बया काही शांत व्हायला तयार नाही. पण मटिल्डाबाईंची समजूत अशी झाली की आईचा नंबर मुलीने चालू ठेवला आहे आणि मी अजून त्यावर आईचाच फोटो ठेवला आहे. त्या बिचाऱ्या हुंदके द्यायला लागल्या. त्यांच्यामागचा बाक रडू लागला. हिलरी जागे झाले.

बाहेर येऊन मी तिला फोन केला. म्हणाली, "कुठे होता? कसली घंटा वाजली मागे?" मी म्हटलं, देवळात. म्हणाली, "तुम्ही? देवळात?" ठेवायच्या आधी म्हणाली, "माझ्या नावाने काही मागितलंत का?" मी म्हटलं, मागितलं, शांती. म्हणाली, "ती कुठली मिळायला, हे कार्टं उठलं बघा." आणि ठेवला.

इथवर मी निभावून नेलं असतं. पण या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संग्रहालयाचा वर्धापनदिन आहे आणि मटिल्डाबाईंनी वर्गणी काढून त्या खुर्चीवर पितळी पाटी लावायचं ठरवलं आहे. तशी पद्धत आहे म्हणे, खुर्चीला नाव द्यायची. उन्नतीने मला विचारलं की काका, "कै. सौ." लिहायचं ना? मी धंदेवाईक माणूस, सवयीने विचारलं की अक्षरं कोरायची की चिकटवायची. कोरायची ठरली. म्हणजे आता चिकटवलेलं काढतात तसं काढताही येणार नाही. वर त्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा दाखवणार आहेत, तो सरळ हाताने जेवणारा, खास सुनंदाच्या स्मरणार्थ.

दादा, तुम्ही घरातले थोरले. तुमचा सल्ला हवा. बाकी विशेष नाही. आमसुलं कुणाबरोबर आली तर पाठवा. वहिनींना नमस्कार, पण हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.

तुमचा
जयराम

ता. क. सल्ला वगैरे राहू द्या. सुनंदाला फोन करा आणि त्या तुमच्या थोरल्या भावाच्या आवाजात सांगा की पुष्कळ झालं, आता आपल्या घरी जा. माझं ती ऐकणार नाही असं नाही, पण मी म्हटलं तर ती विचारेल "का, काय झालं?", आणि झालेलं तर काहीच नाही. जेवण मी करतो, कपडे मशीन धुतं, औषधं वेळेवर घेतो. तुम्ही म्हटलं तर ती काही विचारणार नाही. शनिवारच्या आधी पोचायला हवी. त्या खुर्चीवर ती स्वतःच जाऊन बसली की पाटीचा प्रश्न सुटला. मिस्सेबद्दल बोलू नका, ते मी तिला नातू बारावी झाल्यावर सांगेन.

आणखी एक. "त्यांनीच तुला सांगायला लावलं ना दादा?" असं ती विचारेल. नाही म्हणा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या वेळी खोकला आल्यासारखं करा. वहिनींकडून शिकून घ्या.

शेवटचं. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पुन्हा उघडलं. तुम्हाला फसवून कामाला लावलं असं व्हायला नको. काल मी मटिल्डाबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच, उभ्या उभ्या. मला वाटलं आता डबा बंद आणि वर चार शब्द. त्यांनी कपाळाला हात लावला, मग इतक्या हसल्या की हिलरींना आधार द्यावा लागला. फादरांना त्या सांगतील, पाटीही रद्द, वर्गणी परत. मग हसू आवरल्यावर माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "जयरामभाऊ, बायको जिवंत असून तुम्ही इतक्या महिन्यांत तिला एकदाही ये म्हणाला नाहीत?" मी शालीची घडी सरळ करायला घेतली. तेवढ्यात दिवे गेले.

तेव्हा दादा, सुनंदाने घाईने यावं असं आता काही कारण उरलेलं नाही. तरी पत्र मिळताच फोन करा. माझ्याकडे माणसं आली ती लग्न, बारसं, दहावं, काहीतरी कार्य असलं म्हणून आली. काही कार्य नसताना माणसाला कसं बोलवतात, ते मला येत नाही.